बदामाएवढ्या भागाची बदली

मनुष्य जे काही करतो ते त्याचा मेंदू करतो, हे विज्ञानाने अलीकडे सिद्ध केले. मनुष्य जे करत नाही तेही मेंदूच करत नाही, हे कार्यालयांना फार आधीपासून ठाऊक होते. फक्त त्यासाठी योग्य शब्द सापडत नव्हते. ते शब्द शहर बससेवेच्या हरवले-सापडले विभागाला कसे सापडले, त्याची ही हकिकत. (बऱ्याच वर्षांत या विभागाला स्वतःहून सापडलेली ही पहिलीच गोष्ट.)

विभागाच्या प्रमुखांना सगळे समोर 'साहेब' म्हणत आणि ते जिना उतरले की 'तोफ'. माणूस मनाने वाईट नव्हता. विसरणे हा मात्र गुन्हा आहे, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. मागच्या खोलीत छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे आणि एक कवळी होती (ती मागायला कोणी आले नाही, बहुधा मागता येत नसावे). यातली वस्तू ज्याला हवी असेल त्याने आधी साहेबांचे ऐकून घ्यायचे, अशी पद्धत होती. पुष्कळ लोक नवी छत्री घेणे पसंत करत, त्यामुळे कामाचा ताण आटोक्यात राही.

एका सकाळी तिथे एक म्हातारे घड्याळजी आले. "माझं कानाचं मशीन बसमध्ये राहिलं," ते म्हणाले.

"कुठल्या बसमध्ये?"

"सकाळीच."

"बसचा नंबर विचारतोय मी!"

"हो हो, चहा घेऊनच निघालोय."

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि खिडकीवरची कबुतरे उडतील अशा आवाजात विचारले, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

अर्जदाराच्या अडचणीचे इतके अचूक निदान त्या विभागात पूर्वी कधी झाले नव्हते. परंतु नेमकी तेव्हाच घड्याळजींची लेक जिना चढून वर आली. तिचे कान उत्तम होते. दुपारपर्यंत तक्रार दाखल झाली.

वरिष्ठांनी तातडीने उपाय केला, म्हणजे प्रशिक्षण ठेवले. एक मेंदूतज्ज्ञ बाई प्लास्टरचा मेंदू घेऊन आल्या आणि तो डब्यासारखा उघडून दाखवू लागल्या. "हा बदामाएवढा भाग. धोका वाटला की हा आधी घंटा वाजवतो. छाती धडधडते, हात थरथरतात, आवाज चढतो. कपाळामागचा विचार करणारा भाग जरा मागाहून येतो. म्हणून आपण क्षणभर थांबायचं, त्याला यायला वेळ द्यायचा. सवयीनं हे जमतं."

शेवटची तीन वाक्ये साहेबांच्या कानापर्यंत पोचली नाहीत. पहिल्या तीनच वाक्यांनी त्यांना इतका आनंद झाला होता की पुढचे ऐकायला मेंदूत जागा उरली नव्हती. आयुष्यभर आपण ओरडतो अशी त्यांची समजूत होती. आणि निघाला कोण? बदाम!

दुसऱ्या दिवसापासून विभागाचे वातावरण शास्त्रीय झाले. टायपिस्ट बाई तासभर उशिरा आल्या आणि म्हणाल्या, "मी वेळेवरच निघाले होते साहेब, निर्णय घेणारा भाग मागे राहिला." शिपाई स्टुलावर घोरताना सापडला. त्याने डोळेही न उघडता कळवले की झोपेत आठवणी पक्क्या होतात, आणि हरवले-सापडले विभागात ते आवश्यकच आहे. साहेबांचा आवाज चढू लागला. पण ओरडलो तर बदामाचे ऐकले असे होईल, आणि न ओरडलो तर बदाम निर्दोष ठरेल, या पेचात ते गप्प बसले.

चौकशी समितीपुढे त्यांनी खुलासा वाचला: 'ओरडण्याची घटना घडली हे मान्य. तथापि सदर कृत्य अधोस्वाक्षरीकाराचे नसून त्याच्या मेंदूतील एका भागाने, त्याची पूर्वपरवानगी न घेता केलेले आहे.'

"तो भाग सध्या कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारले.

"सोबत आणलाय."

समितीने आपापसात कुजबुज करून निकाल दिला. साहेब निर्दोष आहेत. भाग दोषी आहे. सबब त्याची डोंगरापलीकडच्या आगारात बदली करण्यात येत आहे. तो सुटा पाठवण्याची सोय नसल्याने साहेबांनी त्याच्यासोबत जावे. (प्रवासखर्च एकट्याचाच मिळेल.)

साहेबांनी घरी येऊन बायकोला सगळे सांगितले. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली.

"मग डोकं द्या पाठवून," ती म्हणाली. "धड राहू दे इथं. घरकामाला धड पुरतं."

"थट्टा सुचतेय तुला!"

"थट्टा कसली? इतकी वर्षं मी त्या बदामाशी संसार करत होते होय? मला वाटलं, तुमच्याशी. बदली त्याची झालीय, माझी नाही. मी काही येणार नाही."

बोलता बोलता तिने पातेल्यावर झाकण ठेवले. आधी एक कड टेकवली, मग बोटांनी सावरत दुसरी. अजिबात आवाज झाला नाही. साहेबांनी ते प्रथमच पाहिले.

"असं का ठेवतेस झाकण?"

"कसं?"

"चोरून ठेवल्यासारखं."

ती थांबली. "सवय आहे," ती म्हणाली. "तुम्ही घरात असलात की हात आपोआप हळू होतात. मी ठरवून नाही करत."

साहेबांनी मनात हिशेब करून पाहिला. शास्त्राप्रमाणे सगळे बरोबर होते: त्यांचा बदाम घंटा वाजवी आणि तिचे हात ती घंटा ऐकत. तरीही काहीतरी टोचत होते. टोचणारा भाग कुठला, हे मेंदूतज्ज्ञ बाईंनी प्लास्टरमध्ये दाखवले नव्हते. चहा तसाच ठेवून ते बाहेर पडले.

तक्रारीवरच्या पत्त्यावर घड्याळजी चाळीच्या गॅलरीत बसले होते. मशीन अजून सापडले नव्हते. साहेब जवळ जाऊन नम्रपणे पुटपुटले, "माझं चुकलं."

"आं?"

"माझं चुकलं हो."

"मोठ्यानं बोला, मशीन नाहीये."

तेव्हा तोफेने श्वास घेतला. "माझं चुकलं! मी तुमच्यावर ओरडलो! मीच ओरडलो!"

चारी मजल्यांवरून माणसे डोकावली. कुणीतरी कुकरखालचा गॅस बंद केला, नीट ऐकू यावे म्हणून.

"ओरडलात?" घड्याळजी चकित झाले. "मला वाटलं, तुम्ही तळमळीनं बोलताय. मी लेकीला म्हटलंसुद्धा, बिचारा माझ्या मशीनसाठी किती जीव तोडतोय. ती म्हणाली, बाबा, तुम्ही गप्प बसा."

दारात उभी असलेली लेक हसू दाबत होती. "या आत," ती म्हणाली. "पण मशीन शोधून द्यायचं. माफीनं ऐकू येत नाही."

साहेबांनी समितीला कळवले की ओरडणारा आपणच होतो. समितीची मोठी पंचाईत झाली. भाग निर्दोष ठरला, म्हणून बदली रद्द. आणि आपला दोष आपणहून मान्य करणाऱ्यासाठी नियमांत तरतूदच नव्हती (असा प्रसंग पूर्वी उद्भवला नव्हता). प्रकरण बंद झाले. प्रशिक्षण शंभर टक्के यशस्वी झाल्याची नोंद झाली.

साहेब अजूनही ओरडतात. पण त्याआधी आता थोडे खोकतात, आणि तेवढ्या वेळात शहाणा माणूस आपली छत्री उचलून निघून जातो.

हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी आले असेल: तुमचे वरिष्ठ, तुमचे मेहुणे, किंवा वरच्या मजल्यावरचे ते गृहस्थ. ही गोष्ट त्यांना वाचायला द्यावी, असेही मनात आले असेल. त्या सगळ्या मंडळींत तुम्ही स्वतः कुठेच नव्हता, हे मनाला लावून घेऊ नका. दोष तुमचा नाही. मेंदूचा आहे.