शेवंती, कोबी आणि कोल्ह्याची बाटली

व्हर्ना हॉस्टेटर दर ऑक्टोबरात आपल्या पोर्चवर चार कुंड्या मांडायची आणि दर ऑक्टोबरात हरणं त्या खाऊन जायची. गेल्या वर्षी तर परीक्षणाच्या दिवशी सकाळी तिनं दार उघडलं, तेव्हा शेवंतीचे नुसते खुंट उरले होते, कोबीचा पत्ता नव्हता आणि सगळ्यात मोठ्या भोपळ्याला कुणीतरी निवांत बसून खाल्ल्यासारखं भगदाड पडलं होतं. बागमंडळाची निळी फीत त्या वर्षी लोइसला मिळाली. त्याच्या आधीची दोन वर्षंही लोइसलाच मिळाली होती. लोइस ही व्हर्नाची थोरली नणंद, रस्त्याच्या बरोबर पलीकडे राहणारी. तिन्ही फिती तिनं आपल्या पुढच्या दारावर खिळ्यानं ठोकून ठेवल्या होत्या. व्हर्नाच्या मोरीची खिडकी नेमकी त्या दारासमोर येई, म्हणजे भांडी घासायला उभं राहिलं की फितींचं दर्शन ठरलेलं.

हेमलॉक रन हे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं दीड हजार वस्तीचं गाव. गावात कायद्याचं फारसं कुणी मनावर घेत नसलं, तरी बागमंडळाचे नियम सगळे पाळत. परीक्षकांनी पोर्चवर पाय ठेवायचा नाही, फुटपाथवरूनच पाहायचं, कारण एका वर्षी कुणीतरी त्यांना आत बोलावून ॲपल-पाय खाऊ घातला होता. आणि सातवा नियम असा, की पोर्चवर कृत्रिम काहीही चालणार नाही. प्लॅस्टिकचं एक पान दिसलं तरी स्पर्धक बाद. हा नियम दोन वर्षांपूर्वी खुद्द व्हर्नानंच भांडून मंजूर करून घेतला होता. लोइसच्या कुंडीतली वेल कापडाची आहे असा तिला दाट संशय होता. वेल खरी निघाली, नियम मात्र राहिला.

यंदा व्हर्नानं कंबर कसली. मागे उंच, मधे भरगच्च, पुढे लोंबतं, हा कुंडी भरायचा मंत्र त्या गावात शाळकरी पोरांनाही पाठ असतो. तिनं मागे तांबड्या तुऱ्यांचं गवत लावलं, मधे विटकरी शेवंती आणि जांभळा शोभेचा कोबी ठासून भरला, पुढे रताळ्याची वेल सोडली. पायऱ्यांवर मोठ्यापासून लहानापर्यंत भोपळे उतरत आले. मग ती फुटपाथवर जाऊन उभी राहिली आणि नवऱ्याला, म्हणजे डेलबर्टला, तिथूनच हुकूम सोडू लागली.

"ती कडेची जरा डावीकडे घे."

"घेतली."

"अजून थोडी."

"अगं, तिसऱ्यांदा डावीकडे घेतोय. अजून घेतली तर कुंडी लोइसच्या अंगणात जाईल."

"तिथंच जाऊ दे. निदान कुंडीला फीत तरी मिळेल."

डेलबर्टनं कमरेवर हात ठेवून आकाशाकडे पाहिलं. त्याचं सगळं चित्त दुसऱ्या दिवशीच्या शिकारीत होतं. धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि त्याला अजून शेपटीचं टोकसुद्धा दिसलं नव्हतं. तरीही गावात हरणांबद्दल काही वाद झाला, की लोक डेलबर्टकडेच येत. एकतीस वर्षं तो मचाणावर बसत होता. किती हरणं मारली हे त्याला कुणी विचारत नसे, कारण तो फार सविस्तर उत्तर देई.

हरणांचा बंदोबस्त व्हर्नानं पशुखाद्याच्या दुकानातून आणला होता. कोल्ह्याचं मूत. बाटलीत भरून मिळतं. कुंडीभोवती शिंपडलं की वासानं हरीण फिरकत नाही. ते कोल्ह्याकडून मिळवतं कोण, हे तिनं विचारलं नव्हतं. त्याच दुकानातून, त्याच कंपनीची, तशीच तपकिरी बाटली डेलबर्टही दरवर्षी आणायचा. फक्त त्याच्या बाटलीत माजावर आलेल्या हरिणीचं मूत असे. ते मचाणाखाली शिंपडलं की दोन-दोन मैलांवरचे नर प्रेमात पडून चालत येतात, असं दुकानदार सांगे. दोन्ही बाटल्या गॅरेजातल्या जुन्या फ्रिजमध्ये बिअर आणि गळाच्या गांडुळांशेजारी ठेवल्या होत्या. तो फ्रिज गळका होता. शुक्रवारी संध्याकाळी व्हर्नानं दार उघडलं, तर दोन्ही बाटल्यांची लेबलं भिजून खाली लगदा होऊन पडली होती. दोन्ही घेऊन ती घरात आली.

"डेलबर्ट! यातली कोल्ह्याची कुठली आणि तुझी कुठली?"

डेलबर्ट शांतपणे आला. "इकडं दे. यात घाबरायचं काय?" त्यानं एक बाटली उघडून नाकाशी धरली, डोळे मिटले. मग दुसरी. मग परत पहिली. जेवणाच्या टेबलावर हा प्रकार चालू असताना व्हर्ना खिडक्या उघडत होती.

"ही बघ. ही मादी. गोडसर वास आहे, मागून जरा ओल्या गवताचा. आणि ही," त्यानं दुसरी तिच्याकडे सरकवली, "हा तुझा कोल्हा."

"नक्की ना? माझं सगळं त्याच्यावर आहे रे."

"व्हर्ना, एकतीस वर्षं झाली. हे नाक चुकत नाही."

शनिवारी उजाडायच्या आत तो आपली बाटली घेऊन जंगलात गेला. व्हर्नानं सकाळी आपली बाटली चारही कुंड्यांभोवती, आणि कडेच्या कुंडीवर जरा सढळ हातानं, शिंपडली. परीक्षक दोन वाजता यायचे होते. दुपारपर्यंत एकही हरीण फिरकलं नाही आणि नवऱ्याच्या नाकाबद्दल तिला लग्नानंतर पहिल्यांदाच आदर वाटला.

दीडच्या सुमाराला ती खिडकीशी आली आणि तिचा हात तोंडावर गेला.

रस्त्याच्या मधोमध एक नर हरीण चालत येत होतं. केवढं! मान वासराएवढी जाड, डोक्यावर झाडाची फांदी मोडून ठेवावी तशी शिंगं. वरचा ओठ मुडपून, नाक पुढे काढून ते सरळ हॉस्टेटरांच्या फाटकातून आत शिरलं, एकाही भोपळ्याला धक्का न लावता तीन पायऱ्या चढलं आणि कडेच्या कुंडीपाशी येऊन थांबलं. शेवंतीला त्यानं तोंड लावलं नाही. कोबीकडे पाहिलंही नाही. कुंडीवर मान टाकून ते डोळे मिटून उभं राहिलं.

व्हर्नानं काचेवर टकटक केलं. हरणानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"शुक! शुक! अरे मेल्या, जा ना!" तिनं झाडू उचलून दार चार बोटं किलकिलं केलं. हरणानं मान खाली घालून शिंगं दाराकडे वळवली. या माजाच्या दिवसांत नराच्या वाटेला जाऊ नये हे त्या गावात रांगणाऱ्या मुलालाही ठाऊक असतं. व्हर्नानं दार लावून घेतलं आणि कडीही घातली.

तेवढ्यात परीक्षकांची गाडी आली. बागमंडळाच्या अध्यक्ष पायफरबाई आणि त्यांच्या दोन साथीदारणी खाली उतरून फुटपाथवर उभ्या राहिल्या. गाडीचा आवाज ऐकून हरीण जागच्या जागी ताठ झालं. कान उभे, डोळे सताड उघडे, एक पाय किंचित उचललेला. तसंच्या तसं. पापणीसुद्धा हलेना. बायका पाहत राहिल्या. पायफरबाईंनी चष्मा पुसून परत पाहिलं, मग फोनवर फोटो काढला आणि वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग तिघी लोइसकडे गेल्या.

पडद्याआडून व्हर्ना घड्याळ पाहत होती. माझ्याकडे सहा मिनिटं, लोइसकडे दोन! तिचं काळीज सुपाएवढं झालं. एवढ्या कुंड्या, एवढे भोपळे आणि मधे जिवंत, राजबिंडा नर. अशी सजावट गावात कुणी बापजन्मी पाहिली नसणार. संध्याकाळी वारा फिरला तसं हरीण निराश होऊन निघून गेलं. एक पाकळी कमी झाली नव्हती. मागे त्यानं जे काही ठेवलं होतं ते व्हर्नानं लगेच झाडून, पायऱ्या धुऊन साफ केलं. पोर्चवर घाण राहिलेली तिला मुळीच खपत नसे.

अंधार पडता पडता डेलबर्ट परतला. चेहरा उतरलेला.

"काही दिसलं?"

"अकरा तास बसलो. हरणाचं नख नाही. एक कोल्हा आला. माझ्या झाडाखाली बसला आणि वर बघून दुपारभर गुरगुरत होता. त्याच्या घरात मी घुसलो असं वागत होता गं."

व्हर्नाच्या हातातला डाव थांबला. सगळं तिच्या ध्यानात आलं. कोल्हा तिकडे, मादी इकडे, आणि मधे एकतीस वर्षांचं नाक. हसू अगदी ओठांवर आलं होतं. पण तो मोजे काढताना इतका म्हातारा दिसत होता की तिला मनापासून दया आली. तिनं त्याला सूप वाढलं आणि हरणाचा विषय काढला नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. निकाल तिथंच सांगतात. व्हर्नानं निळ्या फितीला शोभेल असा निळा ड्रेस घातला होता. पायफरबाई उठल्या.

"यंदा पहिला क्रमांक लोइसचा. आणि एक गोष्ट सांगायला वाईट वाटतं. व्हर्नाच्या कुंड्या अप्रतिम होत्या. अगदी फितीच्या होत्या. पण सातव्या नियमाप्रमाणे तिला बाद करावं लागलं."

"बाद? का?"

"अगं, ते प्लॅस्टिकचं हरीण, व्हर्ना. नियम तर तुझाच."

"प्लॅस्टिकचं?" व्हर्नाचा आवाज तळघराच्या छताला लागला. "खरं होतं ते! चांगलं जिवंत! बारा टोकांच्या शिंगांचा नर!"

 मग डोनटच्या टेबलाशी उभे असलेले शिकारी हसू लागले. बारा टोकांचा नर त्या खोऱ्यात पंधरा वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

"मी बघितलं की," लोइस म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती हीच पंचाईत होती. "तुमची गाडी होती तोवर जरासुद्धा हललं नाही. खरं हरीण असं फोटोला उभं राहतं होय?"

"घाबरून उभं होतं ते! विचारा कुणालाही!"

"विचारू या ना," पायफरबाई म्हणाल्या. "आमच्याकडून अन्याय नको. डेलबर्ट, इकडं ये बाबा. हरणातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

डेलबर्ट डोनट खाली ठेवून आला. पायफरबाईंनी फोन त्याच्या हातात दिला. त्यानं फोटो जवळ धरला. लांब धरला. दोन बोटांनी मोठा केला. शिकारी त्याच्यामागे गोळा झाले. व्हर्ना त्याचा चेहरा पाहत होती. आधी त्याच्या भुवया वर गेल्या, मग कान लाल झाले, आणि मग त्यानं हळूच आपल्या नाकाला हात लावला. त्याला कळलं होतं. तो अकरा तास कोल्ह्याच्या मुतात बसला होता आणि आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो त्याच वेळी त्याच्या घराच्या पायरीवर उभा होता.

"काय म्हणतोस?" एका शिकाऱ्यानं विचारलं. "तू जंगलात आणि हा तुझ्या दारात?"

सगळे पुन्हा हसायला तयार होऊन उभे होते. डेलबर्टनं खाकरून घसा साफ केला.

"प्लॅस्टिक," तो म्हणाला. "मान बघा ना. इतकी जाड मान खऱ्या हरणाला नसते. बनवणाऱ्यानं जन्मात हरीण पाहिलेलं दिसत नाही."

लोइसला फीत दिली गेली. टाळ्या झाल्या. व्हर्नानंही वाजवल्या, दोनदाच.

परतताना ट्रकमध्ये ती खिडकीबाहेर पाहत बसली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचे चिखलाचे बूट, त्याची गांडुळं, त्याचा फ्रिज, सगळं पोटात घातलं होतं. आज मात्र तिला खरंच रडू येत होतं आणि ते त्याला दिसू नये म्हणून तिनं मान वळवली होती. पूल आला, गेला. लाकडं कापायची गिरणी आली. डेलबर्टनं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. शेवटी त्याला राहवेना.

"व्हर्ना."

ती काचेवरची वाफ पुसू लागली.

"बारा नव्हती. चौदा होती. डाव्या कानामागं दोन बारकी टोकं आहेत. सहज बघितलं तर दिसत नाहीत."

व्हर्नानं सावकाश मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"गाडी वळव," ती म्हणाली.

"आत्ता?"

"सगळे अजून तिथंच आहेत. कॉफीचा दुसरा राउंड चालू असेल."

डेलबर्टनं आरशात पाहिलं. रस्ता मागे-पुढे पार मोकळा होता, तरी त्यानं इशाऱ्याचा दिवा लावला, बराच वेळ तो टकटकू दिला, आणि मग चाक फिरवलं.