धाकटीची बाही

मास्तरांनी झाडाला हात लावला तो निव्वळ प्रेमापोटी, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं वाचून कोणाचा त्यावर विश्वास बसणार नाही.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती लेकीकडे आराम करत होती. दहा दिवसांनी घरी यायची होती. जिना चढायला मनाई, म्हणून मास्तरांनी पलंग खालच्या बैठकीत, खिडकीपाशी आणून ठेवला. खिडकीबाहेर धाकटी उभी होती. धाकटी म्हणजे गुलाबी फुलांचं झाड. लेक झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी बायकोने ते लावलं, म्हणून ती धाकटी. वर्षातून एकदाच फुलायची, पण रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघायचा. लेकीकडे निघताना बायको एवढंच म्हणाली होती, "पडल्या पडल्या धाकटी फुललेली दिसली ना, की माझं निम्मं दुखणं पळेल."

झाडावर कळ्या टपोरल्या होत्या. सगळं ठीक होतं, फक्त एक फांदी काचेवर घासत होती. या आवाजाने हिची झोपमोड होणार, असं मनात येऊन मास्तर शिडी आणि करवत घेऊन बाहेर आले. फांदी कापली. खाली उतरून चार पावलं मागे गेले, गिऱ्हाइकाला ट्रायल देताना जातात तसे, आणि तिथेच घात झाला. झाडाची उजवी बाजू डावीपेक्षा लांब दिसत होती.

चाळीस वर्षांत मास्तरांच्या दुकानातून एक बाही लांब आणि एक आखूड असा सदरा कधी गेला नव्हता. गळ्यातली टेप काढून त्यांनी मापं घेतली, पेन्सिलीने खूण केली आणि उजवीकडची वीतभर काढली. आता डावी लांब वाटू लागली. डावी काढली, तर मधला शेंडा उगाच वर आल्यासारखा दिसायला लागला. तोही उतरवला. दुपारपर्यंत झाड दोन्ही बाजूंनी अगदी सारखं झालं होतं, कारण दोन्ही बाजूंना काहीच उरलं नव्हतं. अंगणात कळ्यांनी भरलेल्या फांद्यांचा ढीग पडला होता आणि त्यात एक खोड, कोट अडकवायच्या खुंटाळ्यासारखं, उभं होतं.

मास्तर शिडीच्या पायरीवर मटकन बसले. कापडात निदान आत माया सोडलेली असते, आखूड झालं तर उसवून वाढवता येतं. इथे तीही सोय नव्हती. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी कोटाच्या अस्तराच्या पट्ट्या फाडून झाडाच्या सगळ्या जखमा बांधून काढल्या. तेवढ्यात लेकीचा फोन आला. आईला धाकटीचा फोटो हवा होता. मास्तरांनी मोबाइलमधला गेल्या वर्षीचा फोटो शोधला, त्यात झाडाखाली उभ्या असलेल्या बायकोला कडेने कापून टाकलं आणि उरलेलं झाड पाठवून दिलं. कापण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी रोपवाल्या मावशी उभ्या. कोपऱ्यावर त्यांची रोपवाटिका होती. "सहज चालले होते, म्हटलं डोकावावं," असं म्हणत त्या आत आल्या, झाडाकडे बघितलं आणि आधी सगळ्या पट्ट्या सोडायला लावल्या. झाडाची जखम उघडीच सुकू द्यायची असते म्हणे. मग फुलायच्या तोंडावर कोणी छाटतं का, फुलं झडून गेली की छाटायचं, तेही वाळकं आणि एकमेकांवर घासणारं तेवढंच, शेंडा तर कधीच उडवायचा नाही, हे सगळं त्यांनी मास्तरांना उभं करून ऐकवलं. शेवटी एका कापावर बोट ठेवलं.

"फांदी जिथून फुटते तिथे ही फुगीर कड असते बघा. तिला आम्ही कॉलर म्हणतो. ती ठेवून कापायचं असतं. शिंपी असून कॉलर कापलीत, मास्तर?"

मास्तरांनी मान खाली घातली. "झाड जगेल का तेवढं सांगा."

"जगेल. दोन वर्षं रुसेल, मग फुलेल. पण त्या ढिगातली एकही फांदी टाकू नका. घरात बादल्या किती आहेत?"

बादल्या पाच निघाल्या, शिवाय दोन पातेली आणि एक पिंप. मावशींच्या सांगण्यावरून मास्तरांनी प्रत्येक फांदीचं टोक तिरकं कापलं, सगळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या आणि बैठकीत पलंगाभोवती मांडल्या. रोज पाणी बदललं. शिवणकाम बंद होतं. सहाव्या दिवशी एका कळीतून गुलाबी टोक दिसलं, तेव्हा मास्तर धावत कोपऱ्यावर गेले आणि मावशींचे दोन्ही हात घट्ट दाबून परत आले.

दहाव्या दिवशी लेकीचा हात धरून बायको घरात आली. उंबऱ्याशीच थांबली. बैठक छतापर्यंत फुलली होती, पलंगावर पाकळ्या पडल्या होत्या. तिला अलगद बसवून लेक चहा ठेवायला आत गेली आणि मास्तरांनी घसा खाकरला.

"तुला एक सांगायचं राहिलंय."

"मला पहिल्याच दिवशी कळलं," बायको म्हणाली. "फोटोच्या कडेला माझ्या हिरव्या स्वेटरची बाही राहिली होती. तो स्वेटर उसवून दोन महिने झाले. म्हटलं, जुना फोटो पाठवतायत म्हणजे यांनी करवत काढली असणार. लगेच मावशींना फोन केला, जरा सहज गेल्यासारखं दाखवून बघून या."

दहा दिवस मास्तर मनातल्या मनात मावशींना दुवा देत होते, आणि सगळं सांभाळलं होतं ते हिने, लेकीकडे बसून, मोडक्या गुडघ्यानिशी, आणि एका शब्दानेही न रागावता. त्यांना भरून आलं. "तू होतीस म्हणून," एवढंच ते म्हणाले.

बायकोने त्यांचा हात थोपटला. मग मान तिरकी करून ती बादल्यांकडे बघू लागली.

"उजवीकडची ती फांदी जरा लांब वाटते का हो?"

मास्तरांनी बघितलं. चांगली चार बोटं लांब होती. त्यांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला, टेप त्यांनी काढली, नीट गुंडाळली आणि बायकोच्या उशीखाली ठेवून दिली.

"असू दे," ते म्हणाले.