एका खुर्चीसाठी पिकलबॉल

सगळं सुरू झालं ते मी मान हलवल्यामुळे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की काहीतरी विचारतात. मी मान हलवतो, मजला येतो आणि विषय संपतो. (ऑफिसातल्या आवक-जावक विभागात माझी सगळी नोकरी याच पद्धतीने झाली आहे.) त्या दिवशी त्यांनी विचारलं, "कौटुंबिक पिकलबॉल स्पर्धेत खेळताय ना?" मी सवयीने मान हलवली. संध्याकाळी नोटीस बोर्डावर माझं नाव झळकत होतं.

पिकलबॉल मला अगदीच अनोळखी नव्हता. माझी बायको आणि तिचा धाकटा भाऊ रोज सकाळी पार्किंगशेजारच्या कोर्टवर खेळायचे. नेटच्या अलीकडून पलीकडे भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू टकाटक जाताना मी गॅलरीतल्या माझ्या आरामखुर्चीतून बघायचो. चहा घेत बघण्याइतपत तो खेळ मला छान जमायचा.

ही खुर्ची म्हणजे आमच्या संसारातला एकमेव मतभेद. (बाकी कशाबद्दलच मला मत नाही.) तिचा एक हात सुतळीने बांधलेला आहे, मधली स्प्रिंग अधूनमधून दर्शन देते आणि बसलं की ती एक सुस्कारा सोडते. पण माझ्या पाठीला जगात समजून घेणारं कुणी असेल तर तीच. बायकोने भंगारवाल्याला रविवारी बोलावून ठेवलं होतं. नोटीस बोर्डावरचं नाव वाचून ती हसत हसत घरी आली आणि म्हणाली, "आम्हाला हरवून दाखवा. खुर्ची राहील."

आता मला जोडीदार हवा होता, तोही घरातलाच. मुलगी हॉस्टेलवर. उरल्या त्या आठवडाभरासाठी राहायला आलेल्या सासूबाई. सासूबाई निवृत्त शिक्षिका. वर्गात स्वतःच्या मुलीलाही त्यांनी अर्ध्या मार्काने नापास केलं होतं आणि बायको ते अजून विसरलेली नाही. तरुणपणी त्या टेबल टेनिस खेळायच्या. मी चाचरत विचारलं, तर त्या चष्मा पुसत म्हणाल्या की नियमांचं पुस्तक असेल तर आधी ते द्या.

रविवारी कोर्टभोवती अख्खी सोसायटी खुर्च्या टाकून बसली होती. पहिल्याच फेरीत आमची गाठ पडली ती बायको आणि मेहुण्याशी. सेक्रेटरींनी सांगितलं की या खेळात पहिल्या फेऱ्यांना पंच नसतो. ज्याने त्याने आपली चूक प्रामाणिकपणे आपणच सांगायची. हे ऐकून सासूबाईंचा चेहरा असा काही उजळला की त्यांना नियमांचं पुस्तक आणून दिल्याचा मला पश्चात्ताप झाला.

नेटला लागून एक पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. चेंडू वरच्यावर मारताना त्या पट्ट्यात पाय पडता कामा नये. मारल्यानंतर झोकात पुढे गेलेला पाय आत पडला, तरी चूक ती चूकच. मी पहिलाच फटका असा सणसणीत मारला की मेहुणा बघतच राहिला. टाळ्या पडल्या. मी हात उंचावणार, तोच शेजारून शांत आवाज आला.

"जावईबापूंचा पाय आत होता. गुण तुमचा."

मी म्हटलं, आई, त्यांना दिसलासुद्धा नव्हता. त्या म्हणाल्या, "मला दिसला ना."

पुढे हे चालूच राहिलं. सासूबाई हलक्या हाताने एकेक गुण मिळवायच्या आणि माझा पाय तो परत करायचा. एकदा मेहुण्याने मारलेला चेंडू सरळ बाहेर चालला होता, तो वाटेत माझ्या पोटाला चाटून गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सासूबाईंनी मात्र पोटाकडे बोट दाखवून जाहीर केलं. (तेवढ्यासाठी बोट दाखवायची गरज नव्हती, पोट सगळ्यांना दिसतच होतं.)

तरीही त्यांच्या खेळावर आम्ही तगलो. आमचे दहा, त्यांचे नऊ, सर्व्हिस आमची आणि अकराला सामना. कंपाउंडबाहेर भंगारवाल्याची हातगाडी येऊन उभी राहिलेली मला दिसली.

चेंडू आमच्या दोघांच्या मधोमध आला. सासूबाई धावल्या, मीही धावलो. त्यांनी चेंडू कसाबसा पलीकडे टोलवला आणि मी घसरून त्यांच्या पायाशी सपशेल आडवा झालो. चेंडू नेटवर आरामात तरंगत होता. बायकोने तो पुढे झेपावत खाडकन मारला आणि त्याच झोकात ती थेट नेटपाशी आली. तिचा चेहरा उतरला होता.

"लागलं का हो?" तिने विचारलं.

खरं सांगतो, मी विरघळलो. गेली खुर्ची तर गेली, असं त्या क्षणी मनापासून वाटलं. मी झोपल्या झोपल्याच म्हणालो, "नाही गं, मी ठीक आहे."

"तुम्ही नाही हो. आईला विचारतेय. तिच्या अंगावर पडलात ना?"

सासूबाई ताठ उभ्या होत्या. त्यांची नजर जमिनीवर होती.

"मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझा पाय किचनमध्ये आहे."

बायकोने खाली पाहिलं. "आई, अगं तुझ्यासाठी धावले मी."

"कळलं गं मला ते. पण झोक फटक्याचा होता, आणि पाय आत आहे."

मग बायको जी हसत सुटली ती तिथेच खाली बसली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, अर्ध्या मार्कानेच गेले की गं पुन्हा. सासूबाईंनी वाकून तिला उठवलं आणि सगळ्यांसमोर जवळ घेतलं. मेहुण्याने मला उठवलं. आम्ही जिंकलो होतो. पुढच्या फेरीत आमचा धुव्वा उडाला, पण मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. भंगारवाला रिकाम्या हाताने गेला.

घरी येऊन मी ऐसपैस आंघोळ केली आणि शीळ घालत गॅलरीत गेलो. खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. बायको त्यांच्या पाठीशी उशी लावत होती. "आईची कंबर म्हणे हिच्यातच बरी राहते," ती आनंदाने म्हणाली. "महिनाभर राहतेय ती. आणि खुर्ची जिंकली तिनेच, नाही का?"

मी मान हलवली.

हल्ली मी शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसतो. घर हसतंखेळतं आहे, तक्रार कसलीच नाही. परवा दुपारी सासूबाईंचा डोळा लागलेला पाहून मी अलगद एक टाच खुर्चीच्या पायटेकणीच्या अगदी कोपऱ्यावर टेकवली. खुर्चीने ओळखीचा सुस्कारा सोडला. मलाही बरं वाटलं.

डोळे न उघडताच सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, पाय."