बिऱ्हाडाचा मोठा पॅक

"आज संध्याकाळी सहाच्या आत तिचा अबोला तोडतो! नाही तोडला तर नाव बदला माझं!"

टेप्याने ट्रकच्या फळीवर उभं राहून अशी गर्जना केली. ड्रायव्हरकाकांनी आरशातून त्याच्याकडे एकदा बघितलं.

"आधीच बदललंय की. टेप्या हे काय आईने ठेवलेलं नाव आहे?"

नव्हतंच. सामान हलवणाऱ्या कंपनीत तो खोक्यांना टेप मारायचा, आणि अशी सरळ मारायचा की नव्या घरी गेल्यावर लोकांना खोकं फोडणं जिवावर यायचं. म्हणून टेप्या. बायकोसुद्धा टेप्याच म्हणायची. म्हणजे बोलत असताना. गेले चार दिवस ती काहीच म्हणत नव्हती.

बायको दाताच्या दवाखान्यात कामाला. दिवसभर लोकांना "आ करा, अजून मोठा आ करा" सांगायचं आणि घरी आल्यावर स्वतःचं तोंड कुलूपबंद! जे काय असेल ते सासूबाईंमार्फत. तिघं एकाच टेबलाशी जेवायला बसलेली, आणि ही म्हणणार, "आई, त्याला सांगा, मीठ सरकव." आई मान वळवून सांगणार, "अरे, मीठ सरकव." आणि मीठ कुठे? बायकोच्याच कोपराला टेकलेलं!

भांडण कशावरून झालं, तर नळांवरून. खरे नळ नाहीत हो. कॉम्प्युटरमधले.

झालं असं, की नवराबायको मिळून एक गेम खेळायचे. गेमचं नाव 'बिऱ्हाड'. त्यात लढाई नाही, बंदुका नाहीत. एक जोडपं असतं, त्यांना घर लावून द्यायचं, नोकरीला पाठवायचं, वेळेवर झोपवायचं. म्हणजे जे आपल्याला स्वतःला जमत नाही ते त्यांच्याकडून करून घ्यायचं! यांच्या जोडप्याचं नाव ठोंब्या आणि चिमणी. कुणी कुणाचं नाव ठेवलं ते सांगायला नको.

आता या गेमसाठी वरून पॅक मिळतात. छोटा पॅक म्हणजे चार वस्तू. पडदे, दिवे, टोप्या असलं काहीतरी. मोठा पॅक म्हणजे अख्खं नवं गाव. तळं, होडी, ऊनपाऊस, भोचक शेजारी, सगळं.

टेप्या छोट्याचा कट्टर भक्त. "छोटा कसा, आज टाकला, आज वापरला. मोठ्यात अर्ध्या गोष्टींना आपला हातही लागत नाही," हे त्याचं ठरलेलं भाषण. असं करत करत त्याने अकरा छोटे पॅक टाकले होते. ठोंब्या-चिमणीच्या एका खोलीत सव्वीस दिवे! बिचारी चिमणी झोपायची कशी, देव जाणे.

बायकोला हवं होतं तळं. दोन वर्षं सांगत होती. "टेप्या, मला तळ्याकाठी घर बांधायचंय. खरं तर होणार नाही, निदान यात तरी बांधू." रविवारी टेप्या म्हणाला, "डोळे मीट, पाण्याचं काहीतरी आणलंय." तिने आनंदाने डोळे मिटले. उघडले तर समोर बारावा छोटा पॅक. बाथरूमचे नळ. सहा प्रकारचे!

"सहा नळ!" ती किंचाळली. "आणि पोहायला थेंब नाही! टेप्या, तुला आयुष्यात मोठं काही करायची हिंमतच नाही! तळं येईपर्यंत माझ्याशी बोलू नकोस!"

तिथून कुलूप.

टेप्याने चार दिवस काढले. पाचव्या दिवशी सकाळी निर्धार केला. आज मोठा पॅक. काय वाट्टेल ते होवो! पण तो उतरून घ्यायला तासन् तास लागतात, आणि टेप्या दिवसभर कामावर. मग एकच माणूस, मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. टेप्याने त्याचा नंबर 'कामाचा माणूस' या नावाने ठेवलेला, कारण काम असल्याशिवाय त्याला फोन केला तर शपथ!

ट्रकमध्ये बसल्या बसल्या त्याने एका दमात मेसेज ठोकला.

"ठरलं! बिऱ्हाडाचा मोठा पॅक. आजच्या आज. छोट्याने भागणार नाही. आई घरी आहे, दार उघडेल. बायको सहाला येते, त्याच्या आत सगळं उरकायचं. तिला पत्ता लागू द्यायचा नाही. सरप्राइज!"

लगेच उत्तरादाखल अंगठा आला. टेप्याने फोन खिशात टाकला आणि शीळ घातली.

आता इथेच खरी मेख आहे. फोनमध्ये 'कामाचा माणूस'च्या बरोब्बर खाली होता 'कामाची माणसं'. हा ऑफिसचा ग्रुप. त्यावर मॅडम दिवसाची कामं लावायच्या, आणि नियम असा की कामाशिवाय कुणी एक अक्षर बोलायचं नाही. फुलं नाहीत, सुविचार नाहीत, अभिनंदन तर मुळीच नाही. फक्त काम आणि मॅडमचा अंगठा.

आणि कंपनीच्या भाषेत छोटा पॅक म्हणजे एका खोलीचं सामान. मोठा पॅक म्हणजे अख्खं बिऱ्हाड!

मॅडमनी मेसेज वाचला. कंपनीतल्या माणसाला स्वतःचं घर हलवायचं असेल तर एकदा फुकट, अशी सवलत होती. पत्ता रजिस्टरमध्ये होताच. त्यांनी सगळ्यात दांडगी जोडी काढली. पैलवान आणि चष्मेवाला. म्हणाल्या, "आपल्या टेप्याचं घर आहे. चमचासुद्धा मागे राहता कामा नये."

अकरा वाजता टेप्या एका संगीतशिक्षिकेची पेटी जिन्यातून उतरवत होता, तेव्हा आईचा फोन आला.

"अरे, ते आलेत."

आता बघा, आपल्या भाषेची गंमत. एक माणूस आदराने आला तरी 'ते आलेत', आणि चार माणसं आली तरी 'ते आलेत'! सुनेच्या भावाला आई कायम अहोजाहोच करायची. टेप्याला शंका यायचं कारणच नव्हतं.

"आले? वा! पाणीबिणी विचारलंस ना?"

"पाणी प्यायले. गाडी कुठे लावू म्हणतात."

मेहुण्याची मोटरसायकल! "लावू दे दाराशीच."

"दाराशी? बरं. अन् सुरुवात कुठून करू विचारतात."

"तुझ्या खोलीतूनच करणार ना!" कॉम्प्युटर आईच्या खोलीत होता. "आई, तू मधे पडू नकोस. त्यांचं रोजचं काम आहे."

"अरे पण जुनं सगळं?"

"जुनं काढल्याशिवाय मोठा मावेल का? मोठ्याला जागा लागते, आई! लागत नसेल ते सरळ उडवून टाक."

मग आईचा आवाज एकदम हळवा झाला. "नवी जागा... मोठी आहे का रे?"

टेप्याला भरून आलं. आईसुद्धा गेममध्ये रस घेतेय! "आई, मोठी म्हणजे काय! अख्खं गाव आहे. तळं आहे. तळ्यात होडी आहे!"

"होडी? देवा! अन् मला एका शब्दाने बोलला नाहीस!"

"तुझ्या सुनेसाठी सरप्राइज आहे. सहाच्या आत उरकायला सांग त्यांना."

"उरकवते!" आई म्हणाली. शिवणकामात चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवलेली बाई, पण त्या दिवशी तिने पदर खोचला आणि पैलवानाला असा पळवला, असा पळवला, की दुपारपर्यंत तो चष्मेवाल्याला विचारायला लागला, "ह्या आपल्या मॅडमच्या कोण लागतात?"

आईने उडवायचं तेही उडवलं. तीन पायांचं स्टूल, गळकी बादली, आणि टेप्याची दहावीपासून जपून ठेवलेली व्यायामाची सायकल, जिच्यावर फक्त टॉवेल व्यायाम करायचे.

चार वाजता घोटाळा झाला. दवाखान्यात डॉक्टरांचीच दाढ सुजली! दवाखाना बंद, बायको दोन तास आधी घरी.

टेप्याचा फोन वाजला. स्क्रीनवर बायको! चार दिवसांनी! त्याने फोन कानाला लावायच्या आधीच काकांना डोळा मारला. "बघा! म्हटलं होतं ना!"

"टेप्या, हे तू काय केलंस?" तिचा आवाज कापत होता. आनंदाने, असं टेप्याला वाटलं.

"कळलं होय तुला? आवडलं?"

"आवडलं?"

"तूच म्हणालीस ना, मोठं काही करायची हिंमत नाही. म्हटलं, आज करूनच टाकावं."

"असं? न बोलता, न विचारता? चार दिवस बोलले नाही म्हणून?"

"विचारून केलं तर मजा काय! आई खूश आहे ना?"

"आई गाणी म्हणतायत!"

"मग झालं तर! तू कशाला हात लावू नकोस, मी आल्यावर सगळं दाखवतो."

फोन कट. टेप्या काकांना म्हणाला, "भरून आलं तिला."

साडेपाचला तो शीळ घालत गल्लीत वळला. दारात आपल्याच कंपनीचा ट्रक. अर्धी गल्ली गोळा झालेली. टेप्याची नजर आधी खोक्यांवर गेली, धंद्याची सवय! 'टेप जरा तिरकी मारलीय,' त्याने मनात नोंद केली. मग ट्रकच्या टोकावरची आरामखुर्ची ओळखीची वाटली. मग खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसलेली बाई ओळखीची वाटली.

"आलास?" आई वरून ओरडली. "चल बस! अंधाराच्या आत तळं बघायचंय मला!"

पैलवान घाम पुसत पुढे आला. "चमचासुद्धा ठेवला नाही बघ. आता सांग, उतरवायचं कुठे?"

टेप्याचा जबडा असा खाली आला, की बायकोला दवाखान्यात आहोत असं वाटलं असतं. पण ती बघतच नव्हती. पायरीवर बसली होती. डोळे लाल.

"बोल," ती म्हणाली. "कुठे चाललास आम्हाला सोडून? म्हणजे मला सोडून. आईंना नेतोयसच."

"मी? तुला सोडून? अगं, मी तळं आणत होतो!"

"कुठलं तळं?"

"गेममधलं! मोठा पॅक! तुझ्या भावाला मेसेज केला, हा बघ..." टेप्याने फोन पुढे केला. तिने वाचला. वरचं नाव वाचलं. मग परत वाचलं.

"टेप्या. कामाची माणसं."

"माणूस."

"माणसं, टेप्या! माणसं!"

टेप्याने फोन स्वतःकडे वळवला आणि पायरीवरच बसला. तिच्या शेजारी. मग तिचे खांदे हलायला लागले. टेप्याला वाटलं, रडतेय. बघितलं तर हसतेय! अशी हसतेय की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"सहा नळांवरून तू घर सोडून चाललास असं वाटलं रे मला!" डोळे पुसत ती म्हणाली. "म्हटलं, एवढं काय बोलले मी?"

"तू म्हणशील तेवढं बोल. फक्त बोल!"

अबोला सहाला वीस मिनिटं कमी असताना सुटला. शब्दाला जागला पठ्ठ्या!

आता सामान. मॅडमना फोन लावला.

"पोचायचा पत्ता?" मॅडम.

"निघालो तोच."

"निघालात तिथेच पोचायचंय?"

"हो."

"थांबा." खडखड खडखड. "दोन्ही पत्ते एकच टाकले की फॉर्म पुढे सरकत नाही."

शेवटी 'ट्रकपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत' असं लिहिलं, आणि ते बसलं एका खोलीच्या कामात. म्हणजे छोट्या पॅकमध्ये! छोट्या पॅकला माणूस एकच मिळतो. आज हातात दुसरं काम नसलेला माणूस कोण? टेप्या! पैलवानाने जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कमरेतून वाकू नकोस. गुडघ्यातून वाक."

तीन जिने. चौसष्ट खोकी. बायको लिंबूटिंबू खोकी उचलत होती आणि तोंड अखंड चालू. चार दिवसांची सगळी थकबाकी!

आठला मेहुणा धावत आला. बहिणीने रडत रडत केलेला फोन त्याच्या डोक्यात अजून ताजा होता. खरी हकिकत कळल्यावर तो जिन्यातच बसून हसला. मग म्हणाला, "दाजी, घाबरू नका. मोठा पॅक आज रात्रीच लावून देतो. कॉम्प्युटर कुठंय?"

कॉम्प्युटर आईच्या खोलीतला. म्हणून आईच्या खोक्यांत. आईची खोकी चार, वर पैलवानाच्या अक्षरात 'आजी. जपून.' आणि ती चारही एकावर एक रचून त्यांच्यापुढे आरामखुर्ची टाकून आई बसलेली. पर्स अजून मांडीवर.

"आई, जरा सर. कॉम्प्युटर काढायचाय."

आईने टेप्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान सुनेकडे वळवली.

"सूनबाई, त्याला सांग, तळं दाखवल्याशिवाय मी एक खोकं सोडणार नाही."

"आई, तळं त्या कॉम्प्युटरमध्येच आहे!" टेप्या ओरडला.

"त्याला सांग, मी काही कालची नाही. तळं कधी खोक्यात मावतं का?"

बायकोने टेप्याकडे बघितलं. ओठ दाबून धरलेले, डोळ्यांत पाणी, आणि हे पाणी मात्र नक्की हसण्याचंच.

"टेप्या," ती म्हणाली, "आई म्हणतायत, मीठ सरकव."

याला आता नऊ दिवस झाले. तीन माणसांच्या घरात अबोला अजून आहेच, फक्त माणूस बदललाय. आई खुर्चीतून उठते ती आंघोळीपुरती, आणि तेव्हाही पर्स खोक्यांवर राखणीला ठेवून जाते. टेप्याने एकदा मागून हळूच एक खोकं सोडायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

पैलवानाची तिरकी टेप बघवेना म्हणून त्या चार खोक्यांना पहिल्याच रात्री टेप्यानेच स्वतःच्या हाताने नवी टेप मारली होती. सरळ. एकदम सरळ!