सगळ्यांसाठी बोलणारा माणूस

एडमुंडच्या घरात रोज दुपारी तीनला एक परका पुरुष बोलायला लागायचा, तो सहापर्यंत थांबायचा नाही. एडमुंडने त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचा नुसता आवाज होता, जाड, उबदार, कशानेही न हलणारा. परदेशी मालिकेतली नायिका, तिचा प्रियकर, सासू, पाद्री, पाच वर्षांची पोरगी, सगळ्यांची वाक्यं हा एकटाच पोलिशमध्ये वाचायचा. मूळ नटनट्या त्याच्या आवाजाखाली पुटपुटत राहायच्या. पोलंडात घरोघरी टीव्ही असाच ऐकतात आणि त्या माणसाला लेक्तोर म्हणतात.

एडमुंडच्या बायकोने, याद्विगाने, औषधांच्या दुकानात तेहेतीस वर्षं दुपारपाळी केली होती, त्यामुळे एकही मालिका तिला धड बघता आली नव्हती. आता निवृत्ती आणि पाठोपाठ मोतीबिंदूचं ऑपरेशन. वाकायचं नाही, उचलायचं नाही, वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग दोनशे दहा भागांची ब्राझीलची मालिका पहिल्यापासून सुरू झाली. तिला पडद्यावर रंगीत धुकं दिसायचं, पण कान तिखट होते.

"याद्विगा, थेंब घालायचेत."

"थांब. तो बोलतोय."

"तो कोण?"

"कोण म्हणजे? तो! काय आवाज आहे. बाई धाय मोकलून रडतेय, पण हा जरा हलत नाही."

"मीपण हलत नाही."

"तू? परवा काकड्यांची बरणी उघडेना, तर जिन्यातले सगळे शेजारी गोळा केलेस."

संध्याकाळी एडमुंडने छाती भरून खर्जात विचारलं, "सूप गरम करू?"

"घसा बसला का रे? मध घे."

मंगळवारी सकाळी ती अंघोळीला गेली, तेव्हा एडमुंडने रिमोट उचलला. बरीच खटपट करून त्याने मूळ आवाज ठेवला आणि लेक्तोरला घराबाहेर काढलं. दुपारी तीनला सगळे पोर्तुगीजमध्ये भांडू लागले. खाली पोलिश अक्षरं सरकत होती, पण ती याद्विगाला दिसणार कशी?

"हा कुठे गेला?"

"बिघडलंय काहीतरी. गुरुवारी माणूस येईल दुरुस्तीला."

याद्विगा दोन मिनिटं धुक्याकडे बघत बसली. मग उठून पायाने चपला चाचपायला लागली.

"कुठे निघालीस?"

"वर, झेनोनसाहेबांकडे. त्यांच्याकडेही हीच मालिका आहे. कधीही या म्हणाले होते. खसखशीचा केक करतात ते."

झेनोन तीन वर्षांपासून विधुर होता. जिन्यात भेटलेल्या प्रत्येक बाईचा हात ओठांना लावायचा, आणि याद्विगाचा जरा जास्तच वेळ. एका पुरुषाला घराबाहेर काढताना आपण बायकोला दुसऱ्याच्या दारात पाठवतोय, हे एडमुंडच्या लक्षात आलं. खरं काय ते तिला सांगितलं, तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागणार.

"बस खाली!" तो म्हणाला. "खाली अक्षरं येतायत. मी वाचतो."

पहिल्या दिवशी दाणादाण उडाली.

"कानफटात बसून गेली, आणि आता 'मला मारू नकोस' म्हणतोस?"

"ते भरभर बोलतात गं."

"तो कधी मागे पडला नाही."

हे त्याला झोंबलं. बुधवारपासून ती अंघोळीला गेली की तो पुढचे भाग लावून एकटाच वाचून बघायला लागला. खुर्ची पडद्याला चिकटवली, शेजारी लिंबाचा चहा ठेवला. गुरुवारी दुरुस्तीला कोणी आलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. शनिवारपर्यंत सासू वेगळी, पाद्री वेगळा असं तो वाचू लागला होता.

सोमवारी बासष्टावा भाग आला. नायिका लाउरिंदा बॅग घेऊन दारात उभी होती आणि तिचा डॉक्टर प्रियकर तिला अडवत होता.

"जाऊ नकोस," एडमुंडने वाचलं. "तू नसलीस, तर या घरात मी बोलू कोणाशी?" शेवटी त्याचा आवाज फाटला. चष्मा काढून पुसावा लागला.

याद्विगाने विचारलं, "हे कोणाला म्हणालास?"

"लाउरिंदाला."

"मला कधी म्हणाला नाहीस."

"तू कुठे कधी बॅग भरलीस?"

"दिसायला कशी आहे?"

"कोण?"

"ती. मला धूसर दिसते. तू तर नाक लावून बसतोस."

"बरी आहे."

"बरी म्हणजे?"

"म्हणजे... केस लांब आहेत."

"असं! आणि मी अंघोळीला गेले की रोज एकटाच तिच्याशी बोलत असतोस. मला ऐकू येतं सगळं."

"तो सराव असतो, याद्विगा!"

"रिमोट दे."

तिने अंगठ्याने चाचपून चार बटणं दाबली. खोलीत तो जाड, उबदार आवाज परत आला. एडमुंडचं तोंड उघडंच राहिलं.

"तुला येतं हे?"

"मंगळवारपासून येतंय."

"मग इतके दिवस का नाही..."

"तू वाचत होतास ना," ती म्हणाली. "पण आता हाच बरा. सगळ्या बायकांशी सारखा बोलतो."

तिने तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. "जाऊ नकोस. तू नसलीस, तर या घरात मी बोलू कोणाशी," लेक्तोर म्हणाला, बसचं वेळापत्रक सांगावं तसा.

एडमुंडला राहवेना. "इथे जरा थांबायला हवं होतं याने," तो पुटपुटला आणि पडद्याजवळच्या खुर्चीकडे जायला उठला.

"शू!" म्हणत याद्विगाने त्याचा हात धरून त्याला सोफ्यावर बसवलं, आणि भाग संपेपर्यंत तो सोडला नाही.