लिफ्ट, साहेब आणि सहायक

कर्मचाऱ्यांचं इंग्रजी सुधारावं असा आदेश वरून आल्यामुळे आमच्या कार्यालयात दर शनिवारी इंग्रजीच्या बाई शिकवायला येऊ लागल्या. सुरुवातीचे शनिवार आम्ही डोळे उघडे ठेवून झोपलो. मग सहायक क्रियापदांचा धडा निघाला आणि साहेब खडबडून जागे झाले.

"इंग्रजीत मुख्य क्रियापद भारी मानी," बाई सांगत होत्या. "प्रश्न विचारायचा झाला तरी ते जागचं हलत नाही. सहायक उठून पुढे जातो. नकारसुद्धा सहायकालाच चिकटतो, मुख्य क्रियापद नामानिराळं!"

"आणि सहायकच नसला तर?" साहेबांनी विचारलं.

"तर 'डू' आणून उभा करतात. तिथे त्याला स्वतःचा अर्थ काही नसतो, पण त्याच्यावाचून वाक्य अडतं."

साहेबांच्या डोळ्यांपुढे त्यांचा मेहुणा उभा राहिला.

सोमवारी परिपत्रक निघालं. यापुढे मुख्य कर्मचाऱ्यांनी प्रश्न विचारू नयेत आणि नकार देऊ नये; दोन्ही कामं सहायक करतील. ज्यांना सहायक नाही, त्या सगळ्यांसाठी मिळून मेहुण्याची नेमणूक झाली. त्याला कुठलंच काम येत नव्हतं, आणि नेमकी हीच पात्रता ठरली.

"अहो साहेब, हे शब्दांचं आहे, माणसांचं नाही. मागे घ्या ना ते," बाई कळवळून म्हणाल्या. साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा पुढे झाला, "नाही" म्हणाला आणि परत जाऊन बसला. काम इतकं चोख झालं की आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच शनिवारी साहेब लिफ्टमध्ये अडकले. आतून दारावर धपाधप थापा पडू लागल्या. अख्खं कार्यालय बाहेर गोळा झालं. लिफ्टचा मिस्त्री पेटी घेऊन हजर झाला आणि नुसताच उभा राहिला. आत हात घालण्याआधी वीज बंद केली आहे का, हे नियमाने विचारणं भाग होतं. तो मुख्य कर्मचारी. त्याचा सहायक म्हणजे मेहुणा, आणि मेहुणा साहेबांबरोबर आत होता.

"अरे, मला बाहेर काढताय की नाही?" आतून साहेब ओरडले.

आम्ही चपापलो. मोठे बाबू म्हणजे आमच्यातले नियमांचे जाणकार. ते शांतपणे म्हणाले, "हा प्रश्न आहे. साहेब स्वतः प्रश्न विचारणार नाहीत. त्याअर्थी आत साहेब नाहीत."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आम्ही आपापल्या जागी जाऊन बसलो. थापा चालू होत्या, पण हळूहळू कान सरावले.

तेवढ्यात बाई शिकवायला आल्या. "काय हो, वीज बंद आहे ना?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

"आहे, बाई. मीच केलीय."

"मग उघडा की दार!"

दार उघडलं. घामाने निथळणारे साहेब बाहेर आले. आपण नियम मोडून आतून विचारलेला प्रश्न बाईंनीही ऐकला असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा पुढे झाला आणि बाईंना म्हणाला, "पुढच्या शनिवारपासून येऊ नका."

बाई पर्स उचलून जिना उतरू लागल्या. आम्हाला फार वाईट वाटलं. बाईंचा गुन्हा तरी काय, हे कुणीतरी साहेबांना विचारायला हवं होतं.

वाचताना तुम्हालाही तसंच वाटलं असेल. कुणीतरी विचारायला हवं होतं. 'कुणीतरी' असंच म्हणालात ना मनात?