आधी पडू द्या तिला

एका जंगलात, बाळांनो, तापाची साथ आली. जंगल कुठलं ते विचारू नका. नाव सांगितलं तर तिथली समिती माझीही चौकशी लावेल.

त्या जंगलात कावेरी नावाची चितळ राहायची. एका सकाळी तिची धाकटी बहीण रेवा तापाने फणफणली. दोघींना एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. कावेरीचा जीव टांगणीला लागला. तिने डॉक्टर मुंगसाला गाठलं.

मुंगसाने समजावलं, की साथीतून उठलेल्याच्या रक्तात पिवळट पाणी असतं, त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यात या रोगाशी झुंजायला शिकलेले शिपाई असतात. पण ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच कामाला येतात. रोगाने एकदा मुक्काम ठोकला की त्यांचं काही चालत नाही.

नुकताच बरा झालेला धोंडूकाका रानडुक्कर प्लाझ्मा द्यायला एका पायावर तयार होता. घोडं अडलं ते औषध वाटणाऱ्या समितीपाशी. औषध मौल्यवान, म्हणून ते अत्यवस्थ रुग्णालाच मिळेल, असा अध्यक्ष हत्तीसाहेबांचा नियम होता. अर्जासोबत धाप लागल्याचा दाखला जोडायचा.

कावेरी रेवाला समितीच्या कचेरीत घेऊन गेली. हत्तीसाहेबांनी रेवाला खालीवर न्याहाळलं.

"ही तर उभी आहे."

"उभी आहे तोवरच द्यायचं असतं, साहेब," कावेरी म्हणाली.

"असं कसं? आधी पडू द्या तिला. मग रांगेत आणा."

कावेरीला रडू आलं आणि रागही आला. पडलेल्यांची रांग तिने बाहेर पाहिली होती. त्यातून उठून कोणी घरी गेलेलं तिला दिसलं नव्हतं. ती तडक धोंडूकाकाकडे गेली आणि समितीला न विचारता जमेल का, असं चाचरत विचारलं.

"पोरी, रक्त माझंय. समितीचं न्हाई," काका म्हणाला.

दुपारीच करवंदीच्या जाळीमागे मुंगसाने काम उरकलं. चौथ्या दिवशी रेवा चरायला लागली.

बातमी फुटली आणि चौकशी बसली. रेवाला धाप लागली नव्हती, ती पडली नव्हती, दाखला नव्हता. म्हणजे ती आजारीच नव्हती, असं समितीने एकमताने ठरवलं. रांगेतल्यांना मात्र नियमाप्रमाणे वाजतगाजत प्लाझ्मा दिला होता. त्यातलं कोणी उठलं नाही, तेव्हा औषधच कुचकामी आहे असाही ठराव झाला.

बहीण कधीच आजारी नव्हती, असं कावेरीकडून लिहून घेतलं. तिने मुकाट्याने खूर उमटवला आणि रेवाला घेऊन पाण्यावर गेली.

तात्पर्य: वेळेवर बरं होणं हा नियमभंग आहे. शहाण्याने आधी नीट अत्यवस्थ व्हावं. मग मेलं तरी कागदोपत्री उपचार चोख झालेले असतात.